पायाच्या खड्ड्यातली आई

मंडळी, आज सकाळी चाकणला आमच्या कारखान्याच्या नव्या शेडचा पाया खणताना मातीची वीतभर मूर्ती निघाली. ती हकीकत आजच आपल्या कॉलनीच्या फळ्यावर लावतो आहे. मूर्तीला डोकं नाही, पोट मात्र भरलेलं.

पाट्या वाहणाऱ्या गोदाबाई म्हणाल्या, “ही लेकरं देणारी आई हाय.” त्यांची लेक कालच पिंपरीच्या दवाखान्यात बाळंतपणाला दाखल झालेली. जेवणाच्या सुट्टीत त्या कुंकू घेऊन आल्या.

तोवर खबर मिळून पुण्याहून संशोधक पोचले होते. ते ओरडले, “बाई, कुंकू नको! फार जुनी माती आहे, डाग जाणार नाही.”

इस्माईल फिटर हसला. “मावशी, लावणार तरी कुठं? कपाळच न्हाई!”

“पोटाला लावीन की, मेल्या!”

सगळे हसले, पण गोदाबाईंचे डोळे भरून आले. मग संशोधकांनीच आपला धुतलेला रुमाल मूर्तीपुढं पसरला. बाईंनी त्यावर कुंकू वाहिलं. मीही हात जोडले.

संध्याकाळी निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप! नातीच्या उशाशी ठेवायला गोदाबाई तो रुमाल घेऊन धावल्या.

मूर्ती आता संग्रहालयात जाईल. मंडळी, तिथं काचेबाहेरून हात जोडलेले चालतील ना?