पाळीखालची चौदा घरं

रुख्माबाई उके सतरा वर्षांची होती तेव्हा तिनं या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती वाहिली. दुष्काळी काम होतं आणि लामत्याच्या आसपासच्या पाच-सहा गावांतली माणसं त्यावर होती. नाला जिथं अडवायचा होता तिथं काठावर कहूचं जुनं झाड होतं. ते तोडलं, पण खोड मुळांसकट जमिनीत राहिलं. ते उपटायला दोन दिवस लागले असते आणि मोठे साहेब तर दुसऱ्याच दिवशी यायचे होते. मुकादम म्हणाला, टाका माती वरून. बायकांनी टाकली. पहिलं टोपलं कोणाचं होतं ते तिला आठवत नाही, पण त्यांतली काही तिची होती एवढं नक्की.

पुढं तिचं लग्न याच गावातल्या चैतरामशी झालं आणि ती पाळीच्या खालच्या वस्तीत आली. चौदा घरं होती. जमीन ओलसर, वांगी चांगली यायची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीरही. ती लामत्याच्या बाजारात तो विकायची. तलावाचं पाणी आधी धानाला जायचं. मग कोणाच्या तरी मनात आलं आणि त्याचं सहलीचं ठिकाण झालं. पाळीवर रंगीत कठडा बसला, पायडल मारायच्या बोटी आल्या, बालाघाटची कुटुंबं रविवारी डबे घेऊन येऊ लागली. चैतराम तोवर वारला होता. मुलगा महेंद्र ऑटो चालवायचा, त्याला त्या रविवारच्या सवाऱ्या मिळायच्या. म्हणून तलावाबद्दल तिची तक्रार नव्हती.

पाळ त्याच जागी झिरपायची, आत कुजत चाललेल्या खोडाच्या जागी. बरीच वर्षं पाणी स्वच्छ यायचं, बायका त्यात भांडी घासायच्या. दोन वर्षांपूर्वी ते गढूळ यायला लागलं. रुख्माबाईनं सरपंचाला सांगितलं, बोटीवाल्याला सांगितलं. बोटीवाला हसला आणि म्हणाला, तलाव आहे, ओल तर येणारच.

त्या उन्हाळ्यात दीपिका नावाची तरुण इंजिनिअर पाळीच्या तपासणीला आली. ऊन लागलं म्हणून ती रुख्माबाईच्या दारात आली आणि पाणी मागितलं. रुख्माबाईनं दोन गिलास आणले. एक तिच्या हातात दिला, दुसरा समोर ठेवला.

"हा पिऊ नोको बाई. हा पाहाले ठेवला. पाळीतून येते ते पानी हाये. बुडाशी माती बसली ना, ते पाळीची माती हाये."

दीपिकानं तो गिलास बराच वेळ उजेडात धरला. मग ती रुख्माबाईबरोबर पाळीखाली गेली. खोडाची सगळी हकीकत तिनं लिहून घेतली. दाखवलेल्या जागी गवत बाजूला केलं तेव्हा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं भोक निघालं. जाताना तिनं रुख्माबाईचं पूर्ण नाव विचारलं आणि तेही कागदावर उतरवलं. त्या संध्याकाळी रुख्माबाईनं ही गोष्ट महेंद्रला दोनदा सांगितली. चाळीस वर्षं जे तिच्या पोटात होतं ते कोणीतरी खरं मानलं होतं.

सव्वा महिन्यानं नोटीस आली. तलावाच्या नव्हे, घरांच्या नावानं. वस्ती धोक्याच्या जागेत आहे, पावसाआधी खाली करा, असं तिच्यात होतं. शेजारच्या लीलाबाईनं भर अंगणात विचारलं, "तुले काहून सांगाचं होतं?" त्या दिवसापासून लीलाबाईनं तिच्याशी बोलणं सोडलं, आणि हळूहळू बाकीच्यांनीही.

ती महेंद्रच्या ऑटोत बसून बालाघाटला ऑफिसात गेली. दीपिका खोटं बोलली नाही. तिनं फाईल काढून वाचून दाखवली. पाळ उकरून खोड काढावं, माती नव्यानं दाबावी, तोवर पाणी कमी करावं आणि बोटी बंद ठेवाव्यात, असं तिनं लिहिलं होतं. त्याच्या खाली एक ओळ होती की पाळीखाली चौदा कुटुंबं राहतात. वरच्यांनी ती ओळ उचलली. खाली माणसंच नसली तर तलावाचा धोका कागदावर कमी होतो, मग दुरुस्तीची घाई राहत नाही.

"मैंने दोनों लिखा था, अम्मा," दीपिका म्हणाली. "उन्होंने एक ही पढ़ा।"

"खोड काढाले किती दिवस लागते?"

"मशीन लगा दो तो दो दिन।"

रुख्माबाई उठली. दीपिकानं चहाचं विचारलं, ती नको म्हणाली. जिन्यावर ती थोडा वेळ बसली, मग महेंद्रला म्हणाली, चल.

पावसाआधी घरं पाडली. त्यांना रस्त्याकडच्या मुरमाड टेकाडावर जागा मिळाली. तिथं टिनाखाली दुपारी बसवत नाही आणि सांभाराचं बी टाकलं तर मुंग्या नेतात. हापशीवर रुख्माबाई आली की लीलाबाई भरलेली घागर उचलून निघते.

हिवाळ्यात वस्तीच्या जागेवर रोलर फिरला. चुन्यानं पट्टे ओढले आणि गाड्या उभ्या करायची सोय झाली. आता रविवारी तिथं पूर्वीच्या चौदा घरांत होती त्याहून कितीतरी जास्त माणसं असतात. पोरं गाडीच्या सावलीत झोपतात, बाया सतरंजीवर डबे उघडतात. त्यांची गणती कोणत्याच कागदावर नाही, कारण तिथं कोणी राहत नाही.

यंदा पावसात पाळीखालची ओल आणखी पसरली असं शेण वेचायला गेलेल्या गावातल्या एका बाईनं सांगितलं. रुख्माबाईनं ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत राहिली. सरपंचाकडं ती गेली नाही, बालाघाटलाही नाही.

महेंद्र अजून तिथं सवाऱ्या नेतो. एका रविवारी तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली.

"ऑटो पाळीखाले उभा नोको करू. रोडावरच ठेव."

"हौ," तो म्हणाला आणि गेला. सवाऱ्या रोडावर उतरायला तयार नसतात, हे तिला माहीत होतं. तो कुठं उभा राहतो, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही.