वांग्याच्या मुळांच्या गाठी

घरामागच्या वाफ्यांतली वांगी सलग दोन वर्षं खुरटली. पानं पिवळी पडत. झाड उपटलं की मुळांना गाठीच गाठी दिसत. सासऱ्यांनी सांगून टाकलं, यंदाही असंच झालं तर शिमग्यानंतर तिथली माती वीटवाल्याला द्यायची. मला कोणी विचारलं नाही. आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नाही, मीही बोलत नसे. पण घरात मी एकटी असू शकेन अशी तेवढीच जागा होती.

धाकटे दीर औषधाच्या कारखान्यात कामाला होते. तिथे मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून औषध काढत आणि उरलेला चोथा मागे फेकून देत. त्यांनी त्याची चार पोती आणली.

"वयनी, तिथला माली सांगतो, यो टाकला तिथं भेंडीच्या मुलांना गाठी नाय येत. बारीक किडं असतात मातीत, डोल्यांना दिसत नाय. ते मरतात."

सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "किडं मरतील का नाय देव जाणे. आमी मात्र आधी मरू."

आम्ही सुक्या मासळीचं खत घालतो तसाच तो चोथा मी घातला, प्रत्येक रोपाच्या बुडाशी मूठभर. आठ दिवसांत सगळी रोपं करपली. ओला चोथा मातीत तापतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दीर आठवडाभर माझ्यासमोर आले नाहीत.

उरलेली दोन पोती मी विहिरीजवळच्या वाफ्यात पसरून खणून टाकली, केवळ वास जावा म्हणून. वर पाणी सोडत राहिले. महिना सव्वा महिन्याने वास गेला. बी पेरलं होतं त्या कोपऱ्यात, लावायची राहून वाढून गेलेली वीसेक रोपं शिल्लक होती. दुसरी जागा नव्हती, म्हणून तिथेच लावली.

माघात त्या झाडांना वांगी धरली.

तरीही वीटवाला माती बघायला आला. सासरे त्याला घेऊन वाफ्यांवर गेले. करपलेले वाफे दाखवून म्हणाले, "बघ, हितं कायच होत नाय."

मी विहिरीवर होते. कळशी खाली ठेवली, पदर पुढे ओढला आणि वांग्यांनी लगडलेलं एक झाड मुळासकट उपटलं. मुळं पाण्यात धुतली. सासऱ्यांच्या पायांपाशी झाड ठेवून बाजूला झाले. मुळं पांढरी होती, सरळ. एकही गाठ नव्हती.

सासरे खाली बसले. मुळं बोटांतून ओढून पाहिली. मग घराकडे तोंड करून सासूबाईंना ओरडून म्हणाले, "तिला सांग, बाकीची झाडं उपटू नको. कललं मला."

वीटवाला हसला आणि शेजारच्या वाडीकडे गेला.

त्या झाडाची सहा वांगी निघाली, अर्धी कोवळी. रात्री त्यांचीच भाजी केली. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली, सासूबाईंकडे.