ताईंच्या कानातली मशीन

आम्ही बौद्ध. भूतबाधा, अंगात येणं असलं आमच्या घरी कधी मानलं नाही, मीही मानलं नाही. म्हणून हे लिहितानाही जीव घाबरून राहिला… शाळा सातवीतच सुटली, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी भंडाऱ्याकडची. नवऱ्यानं टाकल्यावर ओळखीतून जबलपूरला आले, अधारतालला एका म्हाताऱ्या काकूंना सांभाळायला. काकूंनी मला कधी कामवाली म्हटलं नाही. जेवायला जवळ बसवतात. ते उपकार फिटायचे नाहीत. त्या मूळच्या नागपूरच्या, पण घरात मुलगा (मी त्यांना भैया म्हणते) आणि नातवंडं सगळे हिंदीच बोलतात. मराठी बोलायला मी, आणि फोनवर नागपूरची त्यांची मोठी बहीण, ताई.

दोघी बहिणींना कमी ऐकू येई. दोघींना कानामागे लावायची एकसारखी मशीन. दुकानदारानं मला नीट शिकवलं होतं — चार्जिंगला लावलेला फोन कानाशी न्यायचा नाही. फोन कानाच्या भोकाला नाही, थोडा वर, मशीनजवळ धरायचा, नाहीतर शिट्टी वाजते. आणि मशीनचं बारीक बटण ‘टी’वर सरकवायचं. मग खोलीतलं काहीच ऐकू येत नाही, फक्त फोनमधलं येतं. बोलणं झालं की बटण परत सरकवायचं. काकू हे नेहमी विसरत. मी बोलत राही आणि त्या आपल्या हसत बसत.

रोज दुपारी दोघींचं चाले. “ताई, मशीन लावली न? मग ओरडून काहून राहिली? बहिरी तू आहे, मी नाही.”

मग एक दिवस ताई गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला, त्या झोपेतच. भैया नागपूरला पोहोचले तोवर अग्नी देऊन सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाले, “अम्मा को मत बताना. दिल की मरीज़ हैं, डॉक्टर ने मना किया है. पूछें तो बोलना नेटवर्क नहीं है.” कोणाचा फोन येऊ नये म्हणून काकूंच्या फोनचं सिम काढून घेतलं. बटणांचा साधा फोन होता तो. मी हो म्हटलं. काकूंना काही झालं तर… मला तर दुसरं कोणीच नव्हतं.

काकू रोज फोन मागत, मी रोज नेटवर्कचं सांगे. एका दुपारी मी मटार सोलत होते. काकू म्हणाल्या, “दे इकडे, मी पाहते.” दिला. त्यात सिम नव्हतंच. त्यांनी बटण सरकवलं, फोन कानाच्या वर धरला.

“ताई?”

त्यांनी फोन मशीनच्या आणखी जवळ घेतला. मग म्हणाल्या, “हो… येते ऐकू.”

मला वाटलं, मन रमवत असतील. हातातलं सोलणं चालूच होतं.

“बांगड्या काढल्या, कानातलं काढलं… अन् मशीन काहून नाही काढली त्यांनी?”

माझा हात थांबला.

काकू ऐकत होत्या. मग अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “लई गरम झाली का गं?”

फोन तसाच धरून त्या ऐकत राहिल्या. मग फोन मांडीवर ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मी हाका मारल्या. ऐकू गेल्या नाहीत, बटण तसंच होतं. मी जाऊन ते सरकवलं.

“ताई गेली न पोरी?”

मी त्यांच्या पायाशी बसले.

“तुला बोलू दिलं नसेल. तुझ्यावर राग नाही माझा.”

मी फोन उचलून पाहिला. सिम टाका, एवढंच लिहून येत होतं.

संध्याकाळी मी भैयांना सगळं सांगितलं, तर ते माझ्यावरच चिडले. “तूने बताया न?”

“नाही भैया. अन् मशीनचं मला तरी कुठे माहीत होतं?”

त्यांनी आपल्या फोनवरून नागपूरला ताईंच्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर. मशीनचं विचारलं. तो शोधायला गेला. आम्ही उभेच. परत आला तेव्हा आवाज बदललेला होता.

“डबी आहे. मशीन नाही त्यात… सोनं सगळं उतरवलं होतं आम्ही. मशीन कोणाच्या ध्यानातच नाही आली. तशीच गेली तिच्यासोबत.”

भैयांनी फोन बंद केला.

काकू अजून आहेत. फोन पुन्हा मागितला नाही. झोपताना मशीन काढून माझ्या हातात देतात आणि सांगतात, “माझ्या वेळी ही आधी काढजो, मग बांगड्या.” मी हो म्हणते.

शिकलेले लोक म्हणतात — म्हातारीनं भैयांचं बोलणं चोरून ऐकलं असेल, बाकी मनाचा खेळ. असेल. पण जे भैयांनाही माहीत नव्हतं, ते काकूंनी कुठून ऐकलं, हे अजून कोणी सांगू शकलं नाही. आणि शेवटच्या प्रश्नाला ताईंनी काय उत्तर दिलं, हे काकूंना विचारायची माझी आजवर हिंमत झाली नाही.