बरण्यांतलं गणगोत

संग्रहालयाच्या तळघरातल्या अकराशे बरण्यांचा कारभार ज्यांच्या हाती होता, त्यांना सगळे बरणीकाका म्हणत. पाली, सरडे, घोरपडी, सापसुरळ्या. कुणाचं स्पिरिट आटलंय, कुणाचं झाकण सैल झालंय, हे त्यांना दारातूनच कळे. शिक्षण बेताचं, पण नजर मोठी तयार. नव्या माणसाला ते सापासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याची पापणी आणि कानाचं भोक दाखवून सांगत, "हा साप नाही हो, बिनपायांचा सरडा आहे. पाय गेले म्हणून कूळ जातं होय?"

पण कूळ कोणतं, तेच तर कोडं होतं. सापसुरळ्यांचा भाऊबंद, की दुसऱ्याच घराण्यातला? एक संशोधक ताई तीन वर्षं त्यामागे लागल्या होत्या. त्या प्राण्याचं रान केव्हाच तुटलं. उरले ते बरण्यांतले. आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मग स्पिरिटमध्ये ठेवलेल्या मांसातून डीएनए धड निघत नाही, थेट स्पिरिटमधल्यातून निघतो, आणि नोंदवहीत तर प्रत्येकापुढे 'फॉर्मॅलिन'. ताईंनी हात टेकले आणि कागद आवरायला घेतले.

काकांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी हुकूम डावलून सहा प्राणी थेट स्पिरिटमध्ये टाकले होते आणि वहीत मात्र हुकुमाप्रमाणे लिहून मोकळे झाले होते. सांगावं, तर जाता जाता तोंडाला काळं. न सांगावं, तर या पोरीची मेहनत मातीत.

"ताई, थांबा," ते म्हणाले. "तिसऱ्या फळीवरच्या सहा बरण्या घ्या. वही खोटी आहे. मीच लिहिली."

ताईंचे डोळे भरून आले. "काका, किती उपकार केलेत!"

डीएनए निघाला. प्राणी सापसुरळ्यांच्याच कुळातला ठरला, पाय तेवढे गमावून बसलेला.

संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनी वही आणि काका, दोघांनाही बोलावलं. "असं का केलंत?"

काका अंग चोरून म्हणाले, "बायकोला दिवस गेले होते, साहेब. हाताला फॉर्मॅलिनचा वास आला की तिच्या पोटात पाणी ठरत नसे."

साहेबांनी मान खाली घालून हसू आवरलं, दुरुस्तीवर सही केली. शेजारी उभ्या ताईंनी आपल्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

ताईंचा लेख छापून आला तेव्हा काकांनी चष्मा पुसून आभाराची यादी वाचली. त्यांचं नाव दुसरं होतं. पहिलं काकूंचं.