अंगठ्याची चूक

लेकीची नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा सोमवारी आहे. पुस्तक मिटून तिनं सरावासाठी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजू लागली. मिनिट संपताच दचकली.

"आई, एकशे दहा! तुला काही होतंय का?"

मला काहीच होत नव्हतं. मग तिचं लक्ष स्वतःच्याच हाताकडे गेलं.

"अगं, अंगठा लावला मी! अंगठ्याला आपलीच नाडी लागते. पहिल्या वर्षाला शिकवतात हे." ती रडवेली झाली.

दुसऱ्याचा हात धरून आपण कुणाची धडधड मोजत असतो, कोण जाणे. ही धडधड किती दिवस घरात वावरतेय, आणि मी आपली "जेवलीस का" एवढंच विचारतेय.

तिनं आता नीट तीन बोटं टेकवली. मी श्वास रोखला. माझीही तेवढीच निघाली तर?