नळीच्या पल्याड पोचलेला उजेड

बाळंतपणासाठी मी वालूरला माहेरी आले, तेव्हा प्रयोगशाळेतलं माझं काम अर्धवट पडलं होतं. आम्ही एका वेगळ्या इंजिनावर काम करतो. लांब नळीत इंधन आणि हवा भरायची, ठिणगी द्यायची. स्फोट होतो, धक्का मिळतो, लगेच पुढचा स्फोट. आतली आग किती तापते हे थर्मामीटरला कळत नाही. तो तापेपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणून नळीला समोरासमोर काचा बसवून आरपार लेझरचा किरण सोडायचा. जळताना आत तयार झालेली पाण्याची वाफ त्यातला थोडा उजेड पिऊन टाकते. किती उजेड कमी झाला, त्यावरून तापमान काढायचं. पण दर स्फोटाला नळी हादरायची, किरण सेन्सरवरून सरकायचा आणि पडद्यावर नुसता गोंधळ दिसायचा. निघताना मी सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला म्हटलं होतं, लेझर आणि सेन्सर नळीला न जोडता वेगळ्या चौकटीवर बसवून बघ.

लेक दीड महिन्याची असताना एका दुपारी त्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. "चौकट झाली. बघतेस?"

आईनं लेकीला नुकतंच न्हाऊ घालून झोपवलं होतं. "बाहेर बोल, उठंल ती," म्हणत ती स्वतःच माझ्यामागं ओसरीत आली. फोनमध्ये धाडकन आवाज झाला. पडद्यावरची उजेड दाखवणारी रेष खाली गेली, परत वर आली, कुठंही तुटली नाही. माझे डोळे भरून आले.

"काय झालं? मोडलं का काही?" आईनं विचारलं.

"न्हाई आई, जमलं."

"मग रडायलीस कामून?"

बाजेवर पडलेले अण्णा उठून बसले. "एवढ्या आगीत ती लाईट जळत न्हाई का?"

"न्हाई अण्णा. कमी होती, पण पल्याड पोचती."

त्यांनी दारातून आत झोपलेल्या लेकीकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी आता तू जाणार तिकडं."

"लेकरू जरा मोठं झाल्यावर."

"मी येते संगं," आई म्हणाली. "लेकराला मी बघीन."

"आन् म्हशीचं कोण बघंल?" मी विचारलं.

"तुझे अण्णा हायेत की."

"मला कुणी इचारलं का?" अण्णा म्हणाले, पण हसत होते.

लेक बसायला लागल्यावर आम्ही निघालो. परभणी स्टेशनात गाडीत बसलो, तेव्हा खिडकीतून अण्णांनी लेकीचं पाऊल धरलं होतं. गाडी हलल्यावर सोडलं. आता चाचणी असली की मला घरी यायला उशीर होतो. दार उघडते तर लेक आईच्या मांडीवर वरणभात खात असते आणि आई फोनवर अण्णांना म्हशीचं विचारत असते.