मंगळ्याची घरघर

गोमाच्या कुत्र्याचं नाव मंगळ्या होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्या नावानेच केला. वारली माणसं पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला देतात. बुधवारी आली ती बुधी, सोमवारी आला तो सोम्या. गोमाच्या बायकोला, तानीला, पोर झालं नाही. पण एका मंगळवारी ओहोळाच्या काठी तिला डोळेही न उघडलेलं पिल्लू सापडलं. ते तिने लुगड्याच्या ओच्यात घालून आणलं आणि रीतीप्रमाणे त्याचं नाव ठेवलं. पुढे सात वर्षांनी तानी गेली. गोमापाशी एवढा मंगळ्याच राहिला.

बोईसर स्टेशनाजवळ एका शेठची गवताची वखार होती. डोंगराकडून बैलगाड्या भरून गवत यायचं, यंत्रात दाबून त्याचे गठ्ठे व्हायचे आणि ते मुंबईच्या तबेल्यांसाठी मालगाडीत चढायचे. गोमा तिथे रात्रीची राखण करी, मंगळ्या त्याच्या जोडीला असे. दिवसा दोघं गवताच्या गंजीला टेकून झोपत. मंगळ्या बारा वर्षांचा झाला होता आणि चांगलाच सुटला होता, कारण वखारीतली एकही बाई उरलेली भाकरी त्याला घातल्याशिवाय फडकं झटकत नसे. त्याचं वय झालंय हे कुणी मनावर घेतलं नव्हतं. गोमाने तर मुळीच नाही.

सहासष्ट सालच्या दिवाळीनंतर नवं गवत आलं आणि मंगळ्याचा गळा झोपेत वाजू लागला. आधी बारीक, मग लाकडात करवत चालावी तसा. बाया हसल्या. नागोराव हसला नाही.

नागोराव वखारीचा नवा मुकादम. तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर म्हणून तो परभणीकडून आला आणि वर्षभराने इथे चिकटला. माणूस वाईट नव्हता. पण त्याची धाकटी बहीण कुत्रं चावून गेली होती. पाण्याचा पेला दिसला की ती किंचाळायची, आणि तिला मांडीवर धरून नागोराव बसलेला असायचा. ते कुत्रं चावण्याआधी असंच गळ्यातून घरघरत होतं आणि त्याची लाळ गळत होती. आता मंगळ्या तोंड उघडं टाकून झोपलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, आणि चार हातांवर बायांची तान्ही पोरं झोळ्यांत टांगलेली. नागोरावाची पाचावर धारण बसली.

तो गोमाला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबा, माझं तुझ्याशी वैर न्हाई. पर हे पिसाळलंय. शुक्रवारी सांच्याला मी भाकरीत कुचला घालणार.”

कुचला म्हणजे कुत्री मारायचं विष, हे गोमाला ठाऊक होतं. मंगळ्या पिसाळला नाही, म्हातारा झालाय, असं त्याने परोपरीने सांगितलं. पण मग घरघरतो का, एवढंच नागोराव विचारत राहिला. गोमाने मंगळ्याला आपल्या खोपटात बांधून घातलं, गळ्याला कोमट करंजेल चोळलं, काळा दोरा बांधला. आवाज काही थांबेना. तेव्हा म्हाताऱ्याने एक वेडेपणा केला. झोपला की वाजतो ना, मग झोपूच द्यायचं नाही. दोन दिवस तो मंगळ्याच्या उशाशी बसला, आणि त्याची मान कलली की हलवून जागं करत राहिला. स्वतःही डोळ्याला डोळा लावला नाही. मंगळ्याचे डोळे लालभडक झाले, पाय लटपटू लागले, लाळ अधिकच गळू लागली. नागोरावाने दारातून डोकावून पाहिलं आणि त्याची खात्रीच पटली. आपल्या मायेनेच कुत्र्याला पिसाळल्यासारखं केलंय, हे गोमाच्या ध्यानातही आलं नाही.

वखार सोडून डॉक्टरकडे जावं तर मागे कुणी विष घालील ही धास्ती. म्हणून शुक्रवारी सकाळी त्याने कुंभवलीच्या भिकाला गाठलं. भिका रोज भाजीची पाटी घेऊन गाडीने पालघरला जायचा. गोमाशी त्याची ओळख रामरामापुरती. गोमाने त्याचे हात धरले आणि सांगितलं, “मंगळ्या घरघरतो. म्हातारा हाय. डाक्तरला विचार, काय करू. माझा तो एकलाच हाय.”

मंगळ्या कोण हे सांगायचं गोमाला सुचलंच नाही. भिकानेही विचारलं नाही. म्हाताऱ्याचा भाऊ असेल, असं त्याने धरलं. पालघरच्या दवाखान्यात त्याने सांगितलं, मंगळ्याला घरघर लागलीय. हे ऐकून कुठला डॉक्टर दुसरं काय म्हणणार?

त्याच दिवशी दुपारी भिका परत आला तो मान खाली घालून. आता औषधाचा उपयोग नाही, असा निरोप होता. त्याच्या तोंडात पाणी घाला आणि जवळ बसा.

गोमा खाली बसला. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं सुटलं. डॉक्टरच म्हणतो, तर नागोरावाशी कशाला भांडायचं? तो उठून मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, “नागोराव, तुझी भाकरी घेऊन ये. पण आधी मी त्याच्या तोंडात पाणी घालीन. तानीच्या तोंडातबी मीच घातलेलं.”

नागोराव भाकरी फडक्यात गुंडाळून आला आणि दारातच थांबला. गोमाने मंगळ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पळीभर पाणी त्याच्या ओठांवर सोडलं. मंगळ्याने ते चाटलं. मग मान उचलून त्याने तोंड थेट तांब्यात घातलं आणि लपालपा पीत सुटला. तांब्या रिकामा झाला तरी तळ चाटत राहिला.

नागोराव बघत होता.

“पाणी पितंय,” तो म्हणाला. “बाबा, हे पाणी पितंय.”

रोजच पितो, असं गोमा म्हणाला. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

नागोराव उंबऱ्यावर बसला आणि रडला. बहिणीसाठी रडला, आणि आज हातून काय होणार होतं त्यासाठीही. मग चुलीत जाळ करून त्याने ती भाकरी फडक्यासकट जाळली, हात चोळचोळून धुतले आणि तांब्या भरून आणला.

दुसऱ्या दिवशी भिकाला खरं काय ते कळलं, तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. या खेपेला तो गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथला डॉक्टर म्हणाला, कुत्रं म्हातारं झालं की गळ्यातलं मांस सैल पडतं, त्यात ते लठ्ठ, आणि वर नाकात गवताची धूळ, मग घोरणारच. भाकऱ्या कमी करा. उताणं झोपू देऊ नका, हनुवटीखाली काहीतरी उंच द्या. गवतापासून लांब ठेवा, नाकपुडीत कुसळ अडकलंय का ते बघा. जागेपणीही धाप लागली तर मात्र माझ्याकडे आणा.

कुसळ नव्हतं. नागोरावाने बायांना भाकरीची सक्त मनाई केली आणि वाऱ्याच्या अंगाला, चिंचेखाली, दोघांची पथारी हलवली.

त्या दुपारी तो गठ्ठे मोजत असताना चिंचेखालून करवतीचा आवाज आला. तो गेला, पोत्याची घडी करून मंगळ्याच्या हनुवटीखाली सारली. मंगळ्या गप्प झाला. आवाज चालूच राहिला.

चार दिवसांचा जागा गोमा उताणा पडून, तोंड उघडं टाकून घोरत होता. नागोरावाने डोक्याचा पटका सोडून त्याची घडी केली आणि म्हाताऱ्याची मान हलकेच उचलून तिच्याखाली सारली.